सुंठीच्या डब्यावरची उर्दू चिठ्ठी

दिवाळी अंक हातात धरून बसलेल्या वाचकाच्या पोटात या घटकेला काय काय असेल, याचा मला साधारण अंदाज आहे. चकली, अनारसे, शंकरपाळी आणि नको नको म्हणताना ताटात पडलेला तिसरा लाडू. हा अंदाज अनुभवाचा आहे. हैदराबादेत काचीगुडा स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर एक सरकारी आयुर्वेदिक दवाखाना होता. तिथं मी एकतीस वर्षं कंपाउंडर होतो. भाऊबीज उलटली की दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रांग लागायची आणि रांगेतला प्रत्येक माणूस पोटावर हात ठेवून उभा असायचा. त्या आठवड्यात आम्ही सुंठीशिवाय दुसरं फारसं काही कुटत नसू.

आलं वाळलं की सुंठ होते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण दोन्हींचा स्वभाव वेगळा. ओलं आलं जिभेला झटकन झोंबतं आणि लगेच विसरून जातं. सुंठ सावकाश चढते आणि रेंगाळते. चांगली सुंठ मोडताना कडक आवाज होतो, आतून ती पांढरट असते, दोरे कमी निघतात. मोडताना हातावर पीठ सांडलं तर समजायचं, आपल्या आधी किड्यानं जेवण उरकलंय. ती लोखंडी खलात कुटायची, मग पातळ धोतराच्या कापडातून चाळायची. या चाळण्याला आमच्यात वस्त्रगाळ म्हणतात. ते करताना पहिली दोन वर्षं मी दिवसभर शिंकत असे. पुढं नाक सरावलं.

जेवणाआधी चिमूटभर कोमट पाण्यातून घेतली तर भूक लागते. जेवणानंतर ताकात सैंधवाबरोबर घेतली तर जड झालेलं पोट हलकं होतं. खोकल्याला गुळात गोळी करून, सांधे धरले तर काढा करून. इतक्या ठिकाणी चालते म्हणून संस्कृतात तिला विश्वभेषज म्हणतात, म्हणजे सगळ्या जगाचं औषध. आणि नेमकं याच नावानं घोटाळा होतो. लोकांना वाटतं, सगळ्या जगाचं म्हणजे आपलंही असणारच. तसं नाही. ज्याच्या छातीत आग होते, घशाशी आंबट येतं, ज्याला कधी रक्ताची उलटी झाली आहे, त्याला आमचे वैद्य सुंठ लांबून दाखवायचेसुद्धा नाहीत.

आमचे वैद्य म्हणजे पंतवैद्य. मूळचे परभणीकडचे, उंच, बोलणं तुटक. एक वकीलसाहेब त्यांच्याकडे यायचे, लग्नसराईतच यायचे. एकदा म्हणाले, "वैद्यजी, आज तीन दावतां हैं. पहिल्या दावतीत पोट भरतं, पुढच्या दोन वाया जातात. सुंठ जरा कडक द्या." पंतवैद्यांनी पुडी दिली आणि म्हणाले, "सुंठ भूक लावते वकीलसाहेब, अक्कल लावत नाही. ती घरून आणावी लागते." वकीलसाहेब खो खो हसले, आणि पुढच्या लग्नसराईत पुन्हा हजर झाले.

मी नांदेड जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला. शाळा निजामाच्या राजवटीत झाली, म्हणून शिक्षण उर्दूतून. घरात मराठी, शाळेत उर्दू, रस्त्यावर दखनी. मराठी लिहायला मी नोकरी लागल्यावर शिकलो, तेही पंतवैद्यांच्या जुन्या वह्या वाचता वाचता. दवाखान्यातला सगळा कारभार उर्दूत होता. रुग्णांची वही उर्दूत, औषधांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या उर्दूत. सहा वर्षं मी त्या डब्यांच्या मध्ये वावरलो आणि मला वाटायला लागलं होतं की हे डबे माझे आहेत.

मग राज्य फुटलं. छप्पन्नच्या नोव्हेंबरात हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले, आणि आम्ही जिथं बसलो होतो ते हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झालं. सरकारी नोकरांना तिकडं की इकडं असं विचारणारे कागद फिरायला लागले. काचीगुडा, सुलतानबाजार, हिमायतनगर इथली ओळखीची मराठी घरं एकेक करून मोकळी व्हायला लागली. मीही कागद भरला. मुंबई राज्य, औरंगाबाद. पंतवैद्यांचा शेरा मिळवण्यासाठी तो त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्याच महिन्यात आमच्याकडे दुसरा कंपाउंडर आला. सुब्बाराव. गुंटूरकडचा, माझ्याच वयाचा, बारीक, कपाळावर गंध, हातात जेवणाचा तीन खणी डबा. त्याला तेलुगू येई, इंग्रजी येई, उर्दूचं अक्षर कळत नसे. हिंदी तो परीक्षा देऊन शिकला होता, त्यामुळे पुस्तकात असते तशी बोलायचा. आम्ही "पानी दे रे" म्हणायचो, तर हा म्हणायचा, "कृपया जल दीजिए." रांगेतल्या दखनी बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मी हसायचो नाही. मला राग यायचा. आमची माणसं जाताहेत आणि ही यायला लागली, असं मला वाटायचं. त्या माणसाचा त्यात काय दोष होता? काही नव्हता. पण त्या दिवसांत दोष शोधायला कुणी फार लांब जात नव्हतं.

एका सकाळी हुकूम आला की डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायच्या. आता तेलुगू आणि इंग्रजी. ठरलं असं की मी उर्दू वाचून सांगायचं आणि सुब्बारावनं लिहायचं. मला तेव्हा जबरदस्त सर्दी झाली होती, नाक पार बंद होतं. मागच्या कोठाराच्या खोलीत फळ्यांवर डब्यांच्या रांगा होत्या. मी स्टुलावर बसून, हात न लावता, एकेक नाव ओरडत होतो. आपलीच अक्षरं आपल्याच तोंडानं पुसून टाकायची, असं काहीतरी मनात घोळत होतं, आणि लवकर उरकावं एवढंच वाटत होतं.

उर्दूत सुंठीला सोंठ म्हणतात आणि बडीशेपेला सोंफ. लिहिताना दोन्हींची सुरुवात एकच, सीन, वाव, नून. फरक फक्त शेवटच्या अक्षरात. शेजारी शेजारी असलेल्या, दोन्हींत वस्त्रगाळ चूर्णच भरलेल्या दोन डब्यांच्या चिठ्ठ्यांची नेमकी तीच बाजू कसरीनं खाल्ली होती. दोन्हींवर नुसतं 'सों' उरलं होतं.

सुब्बाराव म्हणाला, "किशनरावजी, अक्षर अस्पष्ट है. ढक्कन खोलकर देखें?"

मी म्हणालो, "छे साल से ये डब्बे मैं सँभाल रा हूँ. बाएँ बाजू का सोंफ, दाएँ बाजू का सोंठ. लिखो."

त्यानं लिहिलं.

त्या दोन चिठ्ठ्या उलट्या लागल्या.

आता पित्ताची पुडी म्हणजे काय ते सांगायला हवं. ज्येष्ठमध, धने, बडीशेप आणि खडीसाखर. चारही थंड, आग शमवणारी. त्याच दुपारी मी त्या पुडीचं मिश्रण केलं, आणि बडीशेप म्हणून नव्या चिठ्ठीच्या डब्यातून घेतली ती सुंठ. एरवी मी मिश्रण झालं की चिमूट जिभेवर टाकून बघत असे. त्या दिवशी नाकाला वास नव्हता, तोंडाला चव नव्हती. रंग जरा फिका वाटला, तर म्हटलं खडीसाखर जास्त पडली असेल. पुड्या बांधल्या, लाकडी खणात रचून ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी, दवाखाना आवरायच्या वेळेला, सुब्बाराव कोठारातून आला. सुंठीची बरणी संपली होती म्हणून तो भरायला गेला होता. त्याचा तळहात पसरलेला होता आणि त्यावर चूर्ण होतं.

"ये शोंठी नहीं है," तो म्हणाला. तेलुगूत सुंठीला शोंठी म्हणतात. घाईत त्याची पुस्तकी हिंदीसुद्धा सुटली होती. "सूँघिए."

"मेरेकू बास नहीं आती."

"तो चखिए."

मी चिमूट तोंडात टाकली. जीभ तेवढी शुद्धीवर आली होती. चूर्ण गोड लागलं.

सुंठीच्या डब्यात बडीशेप असेल तर बडीशेपेच्या डब्यात काय असणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तीन दिवस पित्ताच्या रुग्णांना मी सुंठ देत होतो.

पंतवैद्य ओरडले नाहीत. त्यांनी वही मागवली. उर्दूतली नावं मी वाचली, सुब्बारावनं कागदावर उतरवून घेतली. सात जण होते. पंतवैद्यांनी सगळ्यांची दुखणी आठवून पाहिली आणि सातव्या नावावर बोट ठेवलं.

"या बाईंना गेल्या वर्षी रक्ताची उलटी झाली होती," ते म्हणाले. "किशन, आत्ताच्या आत्ता निघायचं. पुड्या परत आणायच्या, एकेक मोजून. कुणाला काळी शौचाला झाली असेल किंवा उलटीत रक्त असेल तर माझ्याकडे आणायचं नाही, थेट मोठ्या इस्पितळात न्यायचं. आणि कुणालाही खोटं सांगायचं नाही. आमची चूक झाली, म्हणायचं."

त्यांनी स्वतः खल पुढ्यात ओढला आणि बरोबर न्यायच्या नव्या पुड्या करायला घेतल्या. एवढ्या वर्षांत त्यांना कुटताना मी प्रथमच पाहिलं. बाकीचे सहा जवळपास राहणारे होते, पण पंतवैद्य म्हणाले, आधी बाईंकडे जा. त्या राहायच्या हिमायतनगरला. माझी सायकल होती. सुब्बाराव न विचारता मागं कॅरियरवर बसला.

बाईंचं नाव अनसूयाबाई. चाळिशीच्या, शांत. नवरा, माधवराव, सचिवालयात कारकून. मला आठवलं: बाई आदल्या दिवशी आल्या होत्या आणि पंधरा दिवसांच्या पुड्या घेऊन गेल्या होत्या. 'औरंगाबादेत कुणी ओळखीचे वैद्य नाहीत, म्हणून जास्त द्या' म्हणाल्या होत्या. तीस पुड्या मी स्वतः दोऱ्यानं बांधून त्यांच्या पिशवीत ठेवल्या होत्या.

हिमायतनगरच्या त्यांच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या दारातून एक म्हातारबा बाहेर आले.

"वो लोगां तो निकल गए मियाँ. सामान लेके. काचीगुडे के स्टेशन कू. मनमाड की गाडी है ना आज शाम कू."

म्हणजे ज्या स्टेशनाच्या दारातून आम्ही निघालो होतो, तिथंच त्या होत्या. मी सायकल वळवली. नारायणगुड्याचा चढ, मागं सुब्बाराव, नाक बंद, तोंडानं श्वास. अर्ध्यावर माझं बळ संपलं. सुब्बाराव खाली उतरला आणि सायकल मागून ढकलत पळायला लागला. त्याच्या एका पायातली चप्पल तुटली, ती त्यानं हातात घेतली. मागं वळून मी म्हणालो, "ठहरो, बैठो." तो म्हणाला, "आप चलाइए. बात मत कीजिए."

स्टेशन माणसांनी फुलून गेलं होतं. त्या महिन्यांत मनमाडकडे जाणारी गाडी म्हणजे निम्मं मराठी हैदराबादच असायचं. ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, पाटा-वरवंटा, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा. निरोप द्यायला आलेल्यांची गर्दी जाणाऱ्यांपेक्षा मोठी. गाडी उभी होती. इंजिन लागलेलं होतं.

बायकांच्या डब्यापाशी मी नावानं हाक मारायला लागलो. पण घसा बसलेला, आवाज फुटेना. तेव्हा सुब्बारावनं दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खणखणीत परीक्षेच्या हिंदीत, गर्जना केली:

"आदरणीय अनसूया माताजी! कृपया पित्त की पुड़िया मत खाइए! आदरणीय माताजी! पुड़िया मत खाइए!"

लोक वळून बघायला लागले. कुणीतरी हसलं. एका हमालानं त्याचीच नक्कल करत हाक पुढं दिली, मग दुसऱ्यानं. पाचव्या की सहाव्या डब्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला.

अनसूयाबाई खिडकीशी बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, एक हात छातीखाली दाबून धरलेला. मी खिडकीचा गज धरला आणि एका दमात सांगून टाकलं. आमची चूक झाली. थंड औषधाच्या ऐवजी सुंठ गेली. किती पुड्या घेतल्यात?

"काल रात्री एक, आज सकाळी एक," बाई म्हणाल्या. "सकाळपासून आग होते आहे. मला वाटलं, घर सोडताना होतं तसं होतंय."

माधवराव उसळले. त्यांचा राग रास्तच होता. "सरकारी दवाखाना आहे का काय आहे? माझी बायको मेली असती तर कुठं शोधलं असतंत मला? औरंगाबादेत? नाव सांगा तुमचं. दोघांचंही."

मी माझं नाव सांगितलं. सुब्बारावला मराठी समजत नव्हतं, पण 'नाव' कळलं असावं. त्यानंही स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सांगितलं.

मग मला ते विचारायचं होतं, जे भर फलाटावर एका परक्या बाईला विचारायला जीभ वळत नाही. मी मान खाली घालून विचारलं. उलटी झाली का? शौचाला काळी झाली का? माधवराव पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात बाईच म्हणाल्या, "त्यांना विचारू द्या. त्यांचं कामच आहे ते." आणि मला म्हणाल्या, "नाही. दोन्ही नाही. नुसती आग आहे."

सुब्बाराव कधी गेला ते मी पाहिलं नाही. आला तेव्हा त्याच्या हातात चहावाल्याकडचं थंड दुधाचं भांडं होतं. बाई ते घोट घोट करून प्यायल्या. मी पंतवैद्यांचा निरोप सांगितला: वाटेत जरा जरी जास्त वाटलं तर पुढं जायचं नाही, जे स्टेशन येईल तिथं उतरून डॉक्टर गाठायचा, आणि पोहोचल्यावर इस्पितळात दाखवल्याशिवाय राहायचं नाही. माधवरावांनी हे तीन वेळा माझ्याकडून वदवून घेतलं. बाईंनी पिशवीतून पुड्या काढल्या. मी मोजल्या. अठ्ठावीस. नव्या पुड्या त्यांच्या हातात देण्याआधी मी एक त्यांच्यासमोर उघडली, चिमूट स्वतःच्या तोंडात टाकली आणि सुब्बारावला दिली. त्यानं वास घेतला, चव घेतली, मान हलवली. मगच पुड्या दिल्या.

गाडी हलली तेव्हा माधवराव खिडकीतून आमच्याकडे बघत होते. राग गेलेला नव्हता. पण त्यांनी हात वर केला.

उरलेले सहा त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी गाठले. तेलुगू घरांत सुब्बाराव बोलला, बाकीच्यांत मी. दोघांना छातीत जळजळ झाली होती, त्याहून जास्त काही नाही. तिघांनी पुड्या अजून उघडल्याच नव्हत्या, सरकारी औषधावरचा त्यांचा विश्वास त्या दिवशी कामी आला. सहावे होते सुलतानबाजारातले निवृत्त पेशकार. जन्मभर कोर्टात कागद हाताळलेले, सुरमा घालणारे गृहस्थ. ते पुड्या द्यायलाच तयार होईनात.

"नक्को मियाँ. चार महिने से तुम्हारे पास आ रा हूँ. पहली बार पेट हल्का हुआ और तुम बोलते गलती हुई? ऐसी गलती रोज करो."

मी परत येऊन पंतवैद्यांना सांगितलं. त्यांनी वही उघडून पाहिली. मग म्हणाले, "म्हणजे त्यांचं पित्त नव्हतंच. अपचन होतं. चार महिने मीच चुकत होतो." आणि त्यांनी वहीत स्वतःच्या अक्षरात तसं लिहिलं. एवढ्या मोठ्या वैद्यानं, एका साध्या कंपाउंडरच्या देखत.

ते पाहिलं म्हणून पुढचं माझ्याकडून घडलं, असं मी आजही मानतो. वर अहवाल पाठवायचा होता. मी तो लिहिला. चिठ्ठ्या कसरीनं खाल्लेल्या, खोलीत उजेड कमी, मला सर्दी. सगळं खरं होतं. पंतवैद्यांनी वाचलं आणि विचारलं, "एवढंच?"

त्यांना काही माहीत नव्हतं. सुब्बाराव एका शब्दानं बोलला नव्हता. मी कागद परत घेतला आणि खाली एक ओळ जोडली: माझ्या सहकाऱ्यानं झाकण उघडून पाहू या असं सुचवलं होतं, मी नको म्हणालो. ती ओळ लिहायला जितका वेळ लागला, तितका वेळ पुढं मला कुठल्याही लिखाणाला लागला नाही.

सुब्बारावला मी ती हिंदीत वाचून दाखवली. तो अस्वस्थ झाला. "ये क्यों लिखा? चिठ्ठी तो मैंने लिखी. मेरे भी हस्ताक्षर चाहिए." आणि त्यानं माझ्या सहीखाली तेलुगूत सही ठोकली. पंतवैद्यांनी त्याखाली आपली केली, वर शेरा मारला: चिठ्ठ्या बदलण्याचं काम माझ्या देखरेखीत व्हायला हवं होतं, ते झालं नाही. तिघांनाही लेखी समज मिळाली. त्या कागदाची माझी प्रत अजून घरात आहे. कुणाला शाबासकीची पत्रं जपावीशी वाटतात, मी ही जपली.

माझा औरंगाबादचा अर्ज त्यांच्या टेबलावर तसाच होता. पंतवैद्य म्हणाले, "याच्यावर मी चांगलाच शेरा देणार आहे. जा बिनघोर." मी दोन दिवस विचार केला आणि अर्ज परत मागितला. लोक नंतर विचारायचे, का राहिलास? मोठं कारण सांगावं असा मोह होतो. खरं म्हणजे बायकोचं माहेर काचीगुड्यात होतं आणि तिला जायचं नव्हतं, हे एक. दुसरं असं की त्या कोठारात अजून शंभरावर जुन्या चिठ्ठ्या होत्या आणि त्या वाचू शकणारा मी एकटाच उरणार होतो. आणि तिसरं, मला त्या माणसाबरोबर काम करायचं होतं. हे तिसरं मी कुणालाच सांगितलं नाही. त्यालाही नाही. ती मात्र चूकच झाली.

सगळे डबे आम्ही पुन्हा पहिल्यापासून उघडले. दोघांनी वास घ्यायचा, दोघांनी चव घ्यायची, मग लिहायचं. विषारी असतील त्यांची चव अर्थातच नाही, ते पंतवैद्य स्वतः बघायचे. चिठ्ठ्या तेलुगू आणि इंग्रजीतच लागल्या, हुकूम तसा होता. पण प्रत्येक डब्याच्या तळाशी सुब्बारावनं मला उर्दू आणि मराठी नाव लिहायला लावलं. डबा पालथा केल्याशिवाय ते दिसायचं नाही. तपासणीला आलेल्या एकाही साहेबानं कधी डबा पालथा केला नाही.

त्याच्या तीन खणी डब्यातला सर्वांत खालचा खण पुढं माझा झाला. शोंठीची पूड आणि तूप घातलेला गरम भात असायचा त्यात, पहिला घास तोच घ्यायचा अशी त्यांच्या घरची रीत. माझी जुनाट सर्दी त्या भातानं गेली, की हवा बदलल्यानं गेली, की आपली आपणच गेली, कोण जाणे. सुंठीवाचून खोकला जातो असं आपल्यात म्हणतात खरं, पण इतकी वर्षं सुंठ कुटून मी तसं कसं म्हणू?

जानेवारी सरता सरता दवाखान्याच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. मराठीत, बाईच्या हातचं, गोल अक्षर. पत्त्यात आमची नावं होती, माझं आणि सुब्बारावचं, त्याचं जरासं चुकलेलं. मी त्याला बाकावर बसवलं आणि वाचून दाखवायला लागलो. एकेक वाक्य मराठीत वाचायचं, मग त्याच्यासाठी हिंदीत सांगायचं.

अनसूयाबाईंनी लिहिलं होतं की त्या सुखरूप पोहोचल्या. इस्पितळात दाखवलं. डॉक्टरांनी तपासून पथ्य सांगितलं आहे आणि आता आग नाही. यजमानांनी तक्रार लिहायला घेतली होती, पण ती अर्धवट राहिली आहे, आणि आता ते ती पुरी करतील असं वाटत नाही. नवं गाव अजून परकं वाटतं. भाजीवाला मराठी बोलतो याचंच पहिले काही दिवस नवल वाटलं. आणि शेवटी दोन ओळी होत्या:

"आजवर औषध देणारे पुष्कळ भेटले. दिलेलं औषध परत घ्यायला धावत आलेले तुम्ही दोघेच."

मी हिंदीत सांगितलं. बाहेर रांगेत कुणीतरी खोकत होतं. सुब्बारावनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, त्या शेवटच्या ओळींवर बोट ठेवलं. लिपी हिंदीचीच, पण भाषा त्याला कळत नव्हती, तरी बराच वेळ बघत राहिला.

"इसमें एक शब्द बोला आपने. परत. उसका अर्थ क्या है?"

"परत मतलब वापस," मी म्हणालो. "और परत मतलब फिर से, ऐसा भी होता."

"दोनों?"

"हौ. दोनों."

त्यानं कार्ड माझ्याकडे दिलं, बाकावर नीट मांडी घातली, आणि शिकलेला पहिला मराठी शब्द जपून, अडखळत उच्चारला.

"तो किशनरावजी," तो म्हणाला, "परत पढ़िए."